शिया बटर, सॅटिनची टोपी आणि शनिवारचा ‘वॉश डे’: कृष्णवर्णीय नैसर्गिक केसांच्या निगेचा काही महिन्यांचा अनुभव

हा अभिप्राय एकाच डब्याचा किंवा बाटलीचा नाही. लेकीच्या केसांसाठी गेल्या उन्हाळ्यापासून आम्ही जी पद्धत पाळत आहोत, तिच्यातील चार वस्तूंचा, म्हणजे कच्चे शिया बटर (शियाच्या बियांपासून काढलेले लोणी), पाण्याचा अंश जास्त असलेले लीव्ह-इन कंडिशनर (धुऊन न टाकता केसांत तसेच ठेवायचे), रुंद दातांचा कंगवा आणि रात्री घालायची सॅटिनची टोपी, यांचा हा एकत्रित अनुभव आहे. लेक आठ वर्षांची आहे. तिचे वडील आफ्रिकी-अमेरिकी, मी मूळची सांगलीची, आणि केसांच्या बाबतीत पोर संपूर्णपणे वडिलांवर गेली आहे. आम्ही मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत राहतो. इथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची असल्याने सल्ला, वस्तू आणि वेण्या घालणाऱ्या बायका यांची वानवा नाही. मराठीत मात्र या विषयावर वाचायला फारसे मिळाले नाही, आणि तेल, शिकेकाई, चापूनचोपून वेणी हे आपल्याकडचे केसांचे शहाणपण या केसांना जसेच्या तसे लागू पडत नाही, म्हणून इतक्या तपशिलात लिहीत आहे.

निष्कर्ष आधीच सांगते. चार वस्तूंपैकी सर्वांत जास्त फरक टोपीने पडला, त्याखालोखाल कंगव्याने, आणि ज्यावर सर्वाधिक पैसे गेले त्या लीव्ह-इनचा वाटा सर्वांत कमी निघाला.

असे का, हे समजायला या केसांची घडण पाहावी लागते. त्वचेखाली ज्या पिशवीतून केस उगवतो ती इथे वाकडी असते आणि केसाचा छेद गोल नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो. त्यामुळे केस जुन्या लँडलाइन फोनच्या वायरीसारखा वेटोळे घेतच बाहेर येतो. टाळूवर तयार होणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज टोकापर्यंत घरंगळते, पण या वळणांवरून ते पुढे सरकत नाही, म्हणून टाळू तेलकट आणि टोके कोरडी असे एकाच डोक्यावर दिसू शकते. शिवाय प्रत्येक वळण ही तुटण्याची जागा असते. ‘हे केस वाढतच नाहीत’ असे जे सर्रास बोलले जाते ते खरे नाही. केस वाढत असतात, पण जितके मुळाशी वाढतात तितकेच टोकाला तुटले तर लांबी दिसणार कुठून? म्हणजे निगेचे काम दोनच गोष्टींवर येऊन ठेपते: केसात पाणी टिकवणे आणि घर्षण टाळणे.

अमेरिकी टीव्ही निवेदिका ऑप्रा विन्फ्रे यांचे केशरचनाकार अँड्रे वॉकर यांनी केसांचे १ (सरळ) ते ४ (दाट वळणांचे) असे जे प्रकार पाडले, ते आज अनेक बाटल्यांवर छापलेले असतात, आणि त्यातला सर्वांत दाट गुंडाळीचा ‘४सी’ हा प्रकार तर वापरणाऱ्यांनीच पुढे जोडला. आमच्या घरी एकाच डोक्यावर माथ्याला ४सी आणि मानेवर त्याहून सैल वळणांचा ४ए असल्याने या तक्त्याचा खरेदीसाठी फारसा उपयोग झाला नाही. केस पाणी किती चटकन शोषतात, हे पाहणे जास्त कामाचे ठरले. लेकीच्या केसांवर फवारलेले पाणी बराच वेळ थेंब होऊन तसेच राहते, म्हणून कंडिशनर लावताना केस आणि पाणी दोन्ही कोमट असावे लागतात, नाहीतर सगळे वरच्यावर राहते.

शनिवारची सकाळ ‘वॉश डे’ची. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांची संघटना अशा केसांसाठी आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा धुणे पुरेसे मानते, आणि आम्ही आठवडा धरला आहे. केस कोरडे असताना कंगवा लावायचा नाही, हा पहिला नियम. आधी डोक्याचे चार भाग करून तीन भाग पिळून चिमटे लावून ठेवते, उरलेल्या भागावर पाणी फवारते, मूठभर कंडिशनर चोळते आणि प्रथम बोटांनीच गुंता उकलते. बोटांना गाठ लागली की ती ओढायची नाही. तिच्यावर आणखी थोडे कंडिशनर लावून खालच्या टोकाकडून एकेक केस सुटा करत वर यायचे. त्यानंतर कंगवा, तोही टोकांपासून सुरू करून मुळाकडे. कंगवा नीट चालला तर त्याचा आवाज येत नाही. बारीक कटकट ऐकू आली की केस तुटत आहेत असे समजावे आणि थांबावे. एका भागाला पंधरा-वीस मिनिटे लागतात, मग त्याची सैल पिळाची वेणी घालून पुढचा भाग. शाम्पू सौम्य आणि फक्त टाळूला. फेस खाली ओघळतो तेवढा केसांना पुरतो.

धुऊन झाल्यावर ओल्या केसांवरच लीव्ह-इन, त्यावर शिया. हा क्रम उलटा केला तर काही उपयोग नाही, कारण शिया बटरमध्ये पाणी नसतेच. ते आत असलेले पाणी उडू देत नाही, इतकेच त्याचे काम. पश्चिम आफ्रिकेतील घाना, बुर्किना फासो, माली, नायजेरिया या भागांत शियाची झाडे आहेत आणि बियांपासून लोणी काढण्याचे काम मुख्यत्वे बायकाच करतात. आम्ही घेतो ते कच्चे, फिकट पिवळसर, भाजलेल्या दाण्यांचा आणि किंचित धुराचा वास असलेले. शुद्ध केलेल्या पांढऱ्या लोण्याला वास नसतो आणि लेकीला तेच जास्त आवडते. मला कच्चे बरे वाटते, पण हा आवडीचा भाग झाला. नखाएवढा गोळा तळव्यावर चोळला की अंगाच्या उबेने वितळतो. तो पूर्ण वितळल्याशिवाय केसांना लावू नये, कारण राहिलेले कण कोंड्यासारखे पांढरे दिसतात. डबा एकदा उन्हात वितळून सावकाश गोठला की लोणी रवाळ होते. ते खराब झालेले नसते. पुन्हा मंद आचेवर वितळवून लगेच फ्रीजमध्ये ठेवले की मऊ होते.

खोबरेल तेलाविषयी आपल्या वाचकांना हमखास प्रश्न पडेल. मॅरिको कंपनीच्या मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलांची तुलना केली होती, आणि केसांतील प्रथिनांची झीज कमी करण्यात फक्त खोबरेल उपयोगी ठरले होते, कारण त्याचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरते. म्हणून धुण्याआधी तासभर टोकांना खोबरेल लावणे आम्ही ठेवले आहे. टाळूवर जिरवून तेल लावणे मात्र नाही. टाळूवरची बुरशी तेलावर पोसते आणि आठवडाभर न धुतलेल्या डोक्यावर तिला मोकळे रान मिळते. माझ्या आईला हे अजून पटलेले नाही. व्हिडिओ कॉलवर तिचा पहिला प्रश्न असतो, “अगं, पोरीच्या डोक्याला तेल लावतेस की नाही?” आणि मी, “आई, केसांना लावते, टाळूला नाही,” असे म्हटले की ती विषय बदलते.

टोपीचे गुण थोडक्यात सांगता येतील. सुती अभ्रा केसांतले पाणी शोषतो आणि रात्रभर कूस बदलताना वळणांवर घासतो. सॅटिनवर केस घसरतात. रेशीम उत्तमच, पण आठ वर्षांच्या मुलीसाठी पॉलिस्टरचे सॅटिन पुरते. पहिल्या महिन्यातच उशीवर सापडणारे आखूड तुटके केस दिसेनासे झाले, आणि सोमवारी सकाळी शाळेच्या घाईत पुन्हा गुंता काढायची वेळ येईना. दोष इलॅस्टिकचा: स्वस्त टोप्यांचे इलॅस्टिक एक तर कपाळावर वळ उठवते, नाहीतर चार धुण्यांत ढिले पडते आणि टोपी सकाळी पलंगाखाली मिळते. कपाळालगतचे नाजूक केस घट्ट इलॅस्टिकने आणि ताणलेल्या वेण्यांनी मुळापासून जातात, आणि ताण वर्षानुवर्षे राहिला तर तिथे पुन्हा उगवतही नाहीत.

म्हणूनच वेणी सैल असावी, हे इथल्या वेणीवाल्या बाईंशी भांडून घ्यावे लागते. पहिल्या सलूनमध्ये लेकीचे डोळे ताणले जातील इतक्या घट्ट कॉर्नरोज (टाळूला चिकटून ओळींनी घातलेल्या बारीक वेण्या) घातल्या गेल्या, आणि वर “दोन दिवसांत सैल होतील” असे सांगितले गेले. आम्ही त्या संध्याकाळीच सोडल्या. आता ज्या सेनेगलच्या बाई वेण्या घालतात त्या आधी मुलीला विचारतात, दुखते का. लांब, सुट्या वेण्यांना चार-पाच तास आणि दोनशे डॉलरच्या आसपास लागतात, त्यामुळे ते वर्षातून एखाद्या वेळीच. एरवी घरी दोन-दोन बटांचे पीळ. हे पीळ दोन दिवसांनी मोकळे सोडले की केसांचा जो घेर होतो, तो लेकीला सर्वांत प्रिय आहे. ओढून धरले तर पाठीच्या पात्यापर्यंत पोचणारे केस सोडताच कानाखाली येतात. ही आखडण्याची सवय केस निरोगी असल्याचे लक्षण आहे, पण लांबीवरूनच केस जोखायची सवय असलेल्या माझ्यासारख्या सांगलीकरणीला ते डोळ्यांना पटायला वेळ लागला.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्यांच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात गॅसवर लोखंडी कंगवा तापवून केस सरळ केले जात, पुढे नोकरीच्या काळात रसायनाने. सोडियम हायड्रॉक्साइडसारखे तीव्र अल्कली केसातील गंधकाचे बंध कायमचे तोडते. टाळूवर जखमा होत, आणि त्या जखमा होतातच असे धरून चालले जाई. त्यामुळे नातीचे केस मोकळे, फुललेले पाहिले की त्यांचा हात अजूनही आपसूक ब्रशकडे जातो. त्यांना मी दोष देत नाही. लुइझियानात १७८६ मध्ये गव्हर्नर मिरो यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांनी डोके फडक्याने झाकावे असा हुकूम काढला होता, आणि २०१६ मध्येही अलाबामातील एका खटल्यात, जटांसारखी लॉक्स कापायला नकार दिल्याने देऊ केलेली नोकरी गमावलेल्या स्त्रीच्या विरोधात अपील न्यायालयाने निकाल दिला. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये ‘क्राउन ॲक्ट’ करून केसांच्या पोतावरून व वेण्यांवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. मेरीलँडमध्ये तो २०२० पासून आहे. ज्या पिढीला हे संरक्षण नव्हते तिने पोटासाठी केस सरळ केले, यात नवल काय?

रसायनाचा विचार आमच्या घरी बंद होण्यामागे आणखी एक कारण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीवरून असे मांडले की, केस सरळ करणारी रसायने वर्षात चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण ४.०५ टक्के असावे, तर कधीच न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, हे त्यांनीही सांगितले. पण आठ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मला तेवढे पुरे आहे.

या डिसेंबरात थंडीने एक धडा दिला. ज्या लीव्ह-इनमध्ये ग्लिसरीन बरेच असते ते दमट हवेत उत्तम चालते, पण घरातील हीटरच्या कोरड्या हवेत केस उलट राठ झाले. हिवाळ्यात ग्लिसरीन कमी असलेले घ्यावे आणि शियाचा हात थोडा सढळ ठेवावा. पोहायला जाण्यापूर्वी केस साध्या पाण्याने चिंब करून मगच टोपी घालावी, म्हणजे क्लोरीनचे पाणी कमी शोषले जाते.

सांगलीला गेलो तेव्हाची अडचण मात्र अपेक्षित नव्हती. उकाड्याने शिया बटरचा डबा बॅगेतच पातळ झाला होता, ते फ्रीजने निभावले. बोअरच्या जड पाण्याने मात्र केस दोन धुण्यांत भरड झाले, आणि शेवटचे पाणी पिण्याच्या फिल्टरचे घ्यावे लागले. कॉलनीतल्या पार्लरवाल्या काकूंनी स्मूदनिंगची तयारी प्रेमाने दाखवली, आणि नवऱ्याच्या लॉक्स पाहून एका आत्यांनी जट कोणत्या देवीची, असे विचारले. त्या जट समजत होत्या. आमच्याकडे मात्र लॉक्स मुद्दाम वळून, नियमित धुऊन राखलेल्या असतात, हे सांगितल्यावर त्यांनी एक हाताने चाचपून पाहिली. लेकीच्या डोक्याला मात्र विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम तिने स्वतःच सगळ्यांना मराठीत सांगितला आणि तो पाळलाही गेला.

पुन्हा काय घेईन? शिया बटर, नक्की. मोठा डबा वर्ष काढतो. कंगवा कोणताही चालेल, फक्त दातांच्या मध्ये शिवण नको, कारण साच्यातली ती बारीक धार केस खरवडते. लीव्ह-इन आता महागाचे घेत नाही. पाणी हा पहिला घटक असलेले आणि भडक सुगंध नसलेले कोणतेही मध्यम किमतीचे तेवढेच काम देते. टोपी घेताना इलॅस्टिकऐवजी नाडीची घ्यावी आणि डोक्याच्या मापापेक्षा दोन आकार मोठी घ्यावी, म्हणजे वेण्या आत दुमडाव्या लागत नाहीत. आणि दोन घ्याव्यात, एक धुण्यात असताना दुसरी हाताशी राहते.