पांढरा रंग मारण्याआधी दाभण टोचा

अकोल्याचं आमचं घर १९७९ सालचं. बैठं घर, वर मोकळी गच्ची, गच्चीवर बाबांनी घालून घेतलेला विटांच्या तुकड्यांचा कोबा. इकडचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर तो ताप खाली सोडत बसतो. पंखा लावला की भट्टीतली हवा अंगावर येते. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. मे महिन्यात तिला तिच्या खोलीत झोपवेना, आणि तिच्यासाठी म्हणून मी गच्चीवर पीयू (पॉलियुरेथेन) फोम मारून घ्यायचं ठरवलं. त्यात माझे एक लाख वीस हजार गेले. वर दुरुस्तीचा खर्च वेगळा.

आधी हे सांगतो की फोम वाईट नाही. मीही सगळं झाल्यावर शिकलो. आयसोसायनेट आणि पॉलिओल अशी दोन रसायनं सारख्या मापाने बंदुकीत एकत्र येतात, पृष्ठभागावर पडली की काही सेकंदांत फुगतात आणि कडक होतात. आतला प्रत्येक बुडबुडा बंद असतो, म्हणून त्यातून ना उष्णता सहज जात ना पाणी. नीट मारलेला दोन इंच फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट दहा फुटांच्या आसपास जाडीचं लागेल. गोम त्या ‘नीट’मध्ये आहे.

फेसबुकवर जाहिरात पाहिली, फोन केला, दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस गाडी घेऊन दारात. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, बरोबरचा पोरगा त्याला ‘इंजिनिअर साहेब’ म्हणत होता. वेळ त्याने मुद्दाम दुपारी दोनची मागून घेतली होती. गच्चीवर गेल्यावर त्याने पांढरा रंग दिलेला फोमचा एक नमुना उन्हात ठेवला, दहा मिनिटं चहा घेतला आणि मग टेम्परेचर गन काढली. कोब्यावर धरली, ६१. नमुन्यावर धरली, ४६. “बघा साहेब, पंधरा डिग्री! खोलीत फरक किती पडेल तुम्हीच हिशेब करा.” मी आईला जिना चढवून वर आणलं, तिलाही आकडा दाखवला. एवढा मी हरखलो होतो.

ही गंमत मला कळली वर्षभराने. तसलीच गन विकत आणली आणि जिन्याच्या डोक्यावरच्या कोब्यावर हातभर जागेत नुसता चुना मारला. चुन्यावर ४७, शेजारच्या उघड्या कोब्यावर ६३. म्हणजे तो पंधरा डिग्रीचा चमत्कार पांढऱ्या रंगाचा होता! फोमचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. उलट बिनरंगाचा फोम उन्हात ठेवला तर तो वरून कोब्यापेक्षा जास्त तापतो, कारण उष्णतेला खाली जायला वाट नसते. फोमचं काम बघायचं तर गन खोलीत उभं राहून छतावर धरायची, तीही संध्याकाळी. पण तो नमुना छताखालून कसा दाखवणार?

जाताना तो नमुन्याचा एक तुकडा ठेवून गेला. “रात्रभर बादलीत बुडवा, सकाळी बघा.” बुडवला. सकाळी तसाच तरंगत होता, पुसला की कोरडा. आमचा विश्वास बसला.

आईने एकच प्रश्न विचारला होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात छताला ओलीचा नकाशा होता, दरवर्षी पावसाळ्यात उमटणारा. ती म्हणाली, “अहो, त्या ओलीचं आधी काही करावं लागेल ना?” तो हसला. “आजी, फोम मारला की ओल कायमची बंद. टू इन वन.” त्या वाक्याला त्याला घराबाहेर काढायला हवं होतं.

कोटेशन आलं. ‘गच्ची पीयू फोम ट्रीटमेंट, ११० रुपये चौरस फूट, १० वर्षे वॉरंटी.’ जाडी लिहिलेली नाही, घनता लिहिलेली नाही, रसायन कोणत्या कंपनीचं ते नाही. दोन इंच हे सगळं तोंडी. गच्ची आमची ९०० चौरस फूट, कोटेशनमध्ये ११२०. कठड्याची आतली बाजू आणि टाकीचा चौथराही त्याने धरला होता, आणि तिथे फोम मारायचाच नव्हता. मी हे पाहिलं नाही. पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर पडेल म्हणाला. मीच म्हणालो, राहू द्या. इथे चूक माझी, लपवत नाही. चाळीस हजार यूपीआयने दिले, ऐंशी हजार रोख. वरचे तीन हजार दोनशे त्याने ‘तुमच्यासाठी’ सोडले.

कामाला साहेब आला नाही. दोन पोरं आली, तोंडाला रुमाल बांधून. त्या वाफांनी दम्यासारखा त्रास होतो, चांगला मास्क लागतो. त्यांना कोणी दिलाच नव्हता. मशीनजवळ रसायनाचे दोन कॅन होते, पस्तीस-पस्तीस किलोचे. मी सहज विचारलं, “अजून माल यायचाय का?” धाकटा पोरगा म्हणाला, “नाही काकाजी, एवढाच हाय.” “मग दोन इंच बसेल ना?” तो थोरल्याकडे बघून हसला आणि म्हणाला, “बसन तेवढं बसन. मालकानं सांगतलं तेवढंच मारतो आमी.”

हा हिशेब कोणालाही जमतो. ९०० चौरस फूट म्हणजे सुमारे ८४ चौरस मीटर. दोन इंच जाडी म्हणजे साधारण सव्वाचार घनमीटर फोम. चांगल्या बंद पेशींच्या, म्हणजे बंद बुडबुड्यांच्या, फोमची घनता घनमीटरला ४० किलोच्या पुढे असते. म्हणजे किमान १७० किलो रसायन, वाऱ्यावर उडून जातं ते वेगळं. माझ्या गच्चीवर आलं होतं सत्तर.

दुपारी चारला साहेब उगवला. खिशातून दाभण काढलं, त्यावर दोन इंचांची खूण. कठड्याच्या कडेला फोममध्ये खुपसलं, खूण बुडाली. दुसऱ्या कोपऱ्यात खुपसलं, तिथेही बुडाली. “सव्वादोन भरतंय साहेब.” बंदूक कडेला वळताना रेंगाळते, म्हणून कडेला थर जाड बसतो, हे मला कुठे माहीत? मधोमध त्याने दाभण टोचलं नाही आणि मला ते सुचलं नाही. लगेच पोरांना हाक, “चला, रंग मारा. ऊन लागलं तर फोम पिवळा पडतो.” हे खरंच आहे, उन्हाने फोम पिवळा पडून त्याची भुकटी होते. पण त्याला दिवस लागतात, एका संध्याकाळीत काही होत नाही. रंग चढला की जाडी दिसत नाही, थर दिसत नाहीत, काही दिसत नाही. घाई त्यासाठी होती.

उरलेला मे बरा गेला, हे प्रामाणिकपणे सांगतो. आईची खोली थोडी निवली. मात्र रात्री गच्चीवर खाट टाकली तर खाटेचे पाय फोममध्ये रुतले, चार भोकं पडली. आईने कुरडया घालायला पाट ठेवला, त्याची कड उमटली. रोज वापरायची गच्ची असेल तर फोमवर जाळी टाकून सिमेंटचा थर द्यावा लागतो, हे त्याने सांगितलंच नव्हतं. त्याचा खर्च वेगळा येतो ना!

जुलैत गळायला लागलं, आणि तेही विचित्र. पाऊस पडताना थेंब नाही, उघडीप झाली की तिसऱ्या दिवशी पंख्याच्या हुकातून टपटप. स्वयंपाकघरातल्या ओलीच्या नकाशाला आणखी दोन जिल्हे जोडले गेले. ऑगस्टच्या एका पहाटे ओट्यावर गिलाव्याचा पोपडा पडला, ताटाएवढा. आई पाच मिनिटांपूर्वी तिथे चहा करत होती.

गल्लीतल्या एका निवृत्त पीडब्ल्यूडी इंजिनिअरांना वर नेलं. त्यांनी कठड्यालगत फोम कापला, खालच्या कोब्यात स्क्रू ड्रायव्हर घातला आणि बाहेर काढून माझ्या तळहातावर पुसला. चिखल. जुना कोबा म्हणजे स्पंज. पूर्वी पावसाळ्यात तो पाणी प्यायचा आणि उन्हात वाळायचा. कठड्याच्या भेगांतून पाणी आताही शिरत होतं, आणि वरून झाकण बसलं होतं. त्या पाण्याला खाली उतरण्यावाचून वाट उरली नाही, वाटेत स्लॅबच्या सळया गंजायला लागल्या. “ओल्या अंगावर रेनकोट चढवला तुम्ही,” ते म्हणाले. फोम मारण्याआधी प्लास्टिकचा कागद कोब्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस-रात्र ठेवायचा. आतून थेंब जमले तर काम थांबवायचं. दहा रुपयांची परीक्षा.

मग आम्ही दाभण घेऊन गच्चीच्या मधोमध गेलो. टक्‌. एक इंच. पुढे एका ठिकाणी तर पाऊण इंचही नाही. बारा ठिकाणी टोचलं, दोन इंच फक्त कडेला भरले.

फोमचा तुकडा करवतीने नीट कापला, दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, दोन जाड. सराफ्यातल्या मित्राच्या काट्यावर ठेवला. “याचा भाव काय लावू?” त्याने विचारलं. चांगला माल असता तर आठ ग्रॅम भरायला हवा होता. भरला ५.६. तोच तुकडा रात्रभर बादलीत बुडवला. सकाळी ३१ ग्रॅम, दाबला की पाणी. शेजारच्या बादलीत त्याने दिलेला नमुना तरंगत होता, कोरडाच. नमुना बंद पेशींचा, गच्चीवर मारलेला माल दुसराच!

फोन केला. आधी म्हणाला, “पहिल्या पावसात सेटल होतं.” मग “टीम नागपूरला आहे.” मग नंबर बंद. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघितला, नोंदणी रद्द. हे कोणालाही दोन मिनिटांत बघता येतं आणि पैसे देण्याआधी बघायचं असतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंतर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पहिला प्रश्न आला, बिल कुठे आहे? चाळीस हजारांचा यूपीआयचा पुरावा आहे, ऐंशी हजारांचा माझा शब्द आहे. तारखा चालू आहेत.

दिवाळीनंतर फोम खरवडून काढला, कोबा फोडला, सळया घासून दुरुस्ती केली, नवं वॉटरप्रूफिंग केलं आणि वर नुसता पांढरा रंग दिला. फोमच्या एकवीस गोण्या भरल्या. भंगारवाला आला, एक गोणी एका बोटाने उचलली, आत डोकावला आणि म्हणाला, “काकाजी, हे कोणी घेत नाही.” नेऊन टाकायचे पैसे मात्र मागितले, गोणीमागे वीस.