लिंकसिसचा ‘स्लग’ : तळहाताएवढा लिनक्स सर्व्हर

लिंकसिसने २००४ साली बाजारात आणलेले एनएसएलयू२ हे उपकरण मुळात एकाच कामासाठी होते: यूएसबी हार्ड डिस्क जोडायची आणि तिच्यावरील फायली घरातल्या सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून पुरवायच्या. त्याच्या पोटात लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच आहे हे कळल्यावर हौशी मंडळींनी ते हाती घेतले आणि नावातल्या अक्षरांवरून त्याला ‘स्लग’ म्हणू लागले. मी ते वापरलेले विकत घेतले, त्यावर डेबियन या लिनक्स-प्रकाराची ५.० म्हणजे ‘लेनी’ ही आवृत्ती बसवली आणि हार्ड डिस्क, साउंड कार्ड व प्रिंटर जोडून बराच काळ चालवले.

एआरएम जातीचा इंटेल प्रोसेसर, ३२ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी स्मृती), दोन यूएसबी पोर्ट आणि एक इथरनेट, एवढीच याची सामग्री. पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. स्क्रीन जोडण्याची सोयही नाही, आणि इन्स्टॉलेशनची खरी कसोटी तिथेच लागते. मागचे रीसेटचे छिद्र टाचणीने दाबून धरायचे, तसेच धरून उपकरण चालू करायचे, आणि सुमारे दहा सेकंदांनी पिवळसर दिवा लाल होताच टाचणी काढायची. दिवा आलटून पालटून लाल-हिरवा होऊ लागला की दुसऱ्या संगणकावरून अपस्लग२ या प्रोग्रामने इन्स्टॉलरची प्रतिमा (इमेज, म्हणजे सगळा इन्स्टॉलर असलेली एकच फाइल) फ्लॅशवर लिहिता येते. मला हे तिसऱ्या खेपेला जमले, कारण दिवा बदलल्यावर हात जरा रेंगाळला तरी यंत्र नेहमीसारखे सुरू होते.

प्रतिमा निवडताना मात्र काळजी घ्यावी. नेटवर्क चिपला चालवायला लागणारा इंटेलचा मायक्रोकोड हा छोटा प्रोग्राम मुक्त परवान्याखाली नसल्यामुळे डेबियनच्या अधिकृत प्रतिमेत तो नसे, आणि तो नसेल तर इन्स्टॉलर आत व्यवस्थित चालू असूनही त्याच्यापर्यंत पोहोचायला वाट उरत नाही. मायक्रोकोड घातलेली प्रतिमा वापरल्यास एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकातून, आत शिरून पुढचे सारे नेहमीसारखे करता येते. स्वॅपचे, म्हणजे रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेचे, पार्टिशन डिस्कवर आठवणीने करावे. ३२ एमबीत त्यावाचून निभाव लागत नाही. पॅकेजेस उतरून बसायला कित्येक तास लागतात, म्हणून मी ते काम रात्री लावून ठेवले.

जोडणीत पहिला त्रास विजेचा झाला. पोर्टवरूनच वीज घेणारी छोटी डिस्क आणि स्वस्तातल्या हबवर (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) साउंड कार्ड अशी मांडणी केली, तेव्हा गाणे सुरू होताच डिस्क नाहीशी होई. सगळी सिस्टीम त्याच डिस्कवर असल्याने यंत्र जागच्या जागी गोठे. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आणल्यावर हा प्रकार थांबला. दुसरी गोष्ट, पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले की डिस्कचे एसडीए हे नाव बदलू शकते, तेव्हा एफस्टॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूयूआयडी, म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख-क्रमांकच, लिहावा.

साउंड कार्डाने मला सर्वांत जास्त आनंद दिला. या प्रोसेसरला दशांशाची गणिते करणारा स्वतंत्र भाग नाही, त्यामुळे साधे एमपी३ प्लेअर अडखळतात. पण मॅडप्ले हा प्रोग्राम सगळा हिशेब पूर्णांकांत करतो आणि गाणे सलग वाजते. प्रिंटरचेही असेच आहे. स्लगवर कप्स आणि घोस्टस्क्रिप्ट हे छपाईचे नेहमीचे प्रोग्राम चालवून पाहिले, तर एका पानासाठी डिस्क कितीतरी वेळ स्वॅपमध्ये घरघरत राहिली. त्याऐवजी पी९१०एनडी हा लहानसा प्रोग्राम बसवला. तो आलेली बाइट्स जशीच्या तशी प्रिंटरकडे ढकलतो, ड्रायव्हरचे काम मोठा संगणक करतो, आणि पान लगेच बाहेर पडते. वेबकॅमच्या वाटेला मात्र मी गेलो नाही. उरलेला एकमेव पोर्ट मला बॅकअपच्या डिस्कसाठी हवा होता.

वापरलेला स्लग घेणाऱ्याने अडॅप्टर ५ व्होल्ट, २ अँपिअरचाच आहे ना, ते आधी पाहावे. त्यानंतर सीपीयूइन्फो या प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाइलमधील बोगोमिप्सचा, म्हणजे वेगाचा ढोबळ, आकडा पाहावा: सुरुवातीच्या नगांचा वेग १३३ मेगाहर्ट्झवर रोखलेला होता, नंतरचे २६६ वर चालतात. जुन्या नगातील एक बारीक रेझिस्टर काढला की तोही पूर्ण वेगाने चालतो, पण सोल्डरिंगची सवय नसेल तर नंतरचाच नग शोधावा.