मरीनो कॉन्झर्व्हेशन पार्क, अ‍ॅडलेड: गुडघ्याएवढ्या रानात काय बघावं

अ‍ॅडलेडच्या मध्यापासून नैऋत्येला साधारण १७ किलोमीटरवर, समुद्राच्या डोक्यावरच्या टेकडीवर हे दक्षिण ऑस्ट्रेलियातलं उद्यान आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३० हेक्टर, संरक्षण मिळालं १९८९ साली. १८३६ पासून इथे वसाहत वाढत गेली आणि किनाऱ्यावरचं मूळचं झुडपी रान शेती, मेंढ्या आणि घरांखाली गेलं. त्यातला वाचलेला हा तुकडा आहे, आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. वर चढून दीपगृहाजवळ फोटो काढून परतणारे दहा मिनिटांत "काही नाही इथे" म्हणतात. पण इथलं सगळं गुडघ्याच्या उंचीवर असतं आणि त्यासाठी वाकावं लागतं.

खारा वारा समुद्राच्या बाजूचे कोंब जाळतो, माती उथळ आणि चुनखडीची, म्हणून झाडं बुटकीच राहतात आणि वाऱ्याच्या दिशेने कलतात. कोकणातला सडा पाहिलेल्यांना हे लगेच ओळखू येईल. फुलांचा काळही जवळपास तोच आहे. इथे पाऊस हिवाळ्यात, मुख्यतः मे ते सप्टेंबर, त्यामुळे बहर ऑगस्ट ते ऑक्टोबर. भारतातून आई-बाबा बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात. तेव्हा इथे सगळं वाळलेलं असतं, सावली नाही, पारा चाळिशी गाठू शकतो. त्या दिवसांत जायचंच तर सकाळी नवाच्या आत फिरून घ्या.

झाडांची ओळख व्हावी म्हणूनच आखलेली बोटॅनिकल ट्रेल रमतगमत पाऊण-एक तासाची आहे. बारीक पांढऱ्या फुलांची डेझी-झुडपं, काटेरी पिवळा कांगारू थॉर्न (त्याच्या काट्यांत छोटे पक्षी निर्धास्त घरटी करतात), जांभळी-निळी फ्लॅक्स लिली, इतर झुडपांवर चढलेली क्लेमॅटिस. मोबाइलवर आयनॅचरॅलिस्ट हे झाडं-प्राणी ओळखणारं अॅप असेल तर पान आणि फूल दोन्हींचे फोटो घ्या; नुसत्या फुलावरून डेझी हमखास चुकते.

एक फसगत नेहमीची. जुलै-सप्टेंबरात पसरलेला झगझगीत पिवळा गालिचा सगळ्यात जास्त फोटोंत दिसतो, पण तो सोर्सॉब आहे, आपल्या आंबुशीच्या कुळातलं दक्षिण आफ्रिकेचं तण. ते ओढून काढलं तर मातीत बारीक कंद सुटून राहतात आणि त्यांतून पुन्हा फुटतं, म्हणून हौसेने उपटू नका. बोनसीड हे झुडूपही तिकडचंच. ही तणं मूळच्या रोपांची जागा खातात, आणि एवढ्याशा तुकड्यात गेलेली जागा परत मिळवणं फार कष्टाचं आहे. फ्रेंड्स ऑफ मरीनो कॉन्झर्व्हेशन पार्क हा स्वयंसेवकांचा गट हेच काम करतो. अ‍ॅडलेडमध्ये राहणाऱ्यांनी त्यांना जरूर हातभार लावावा.

साध्या लोकरी मोज्यांनी जाऊ नका. इथला वसंत संपताना, म्हणजे नोव्हेंबरच्या सुमारास, स्पिअर ग्रासचं बी पिकतं. त्याचं कुसळ ओलाव्याने पीळ घेतं-सोडतं आणि बी विणीतून आत घुसत जातं. घट्ट विणीचे मोजे, लांब पँट आणि बंद बूट घाला. निघण्याआधी आणि परतल्यावर बुटांचे तळवे ब्रशने झाडा, म्हणजे तणाचं बी इकडून तिकडे जाणार नाही.

उन्हाचे दिवस सुरू झाले की ब्राउन स्नेक फिरू लागतात. पायवाट सोडली नाही आणि पुढे बघून चाललं तर धोका फार कमी. तरी १० ते १५ सेंटिमीटर रुंदीचं ताणणारं बँडेज पिशवीत असू द्या. चावलंच तर ००० या आपत्कालीन क्रमांकाला फोन, माणसाला अजिबात चालवायचं नाही, बोटांपासून वरपर्यंत सगळा पाय घट्ट गुंडाळून काठीचा आधार बांधायचा. जखम कापायची नाही, धुवायची नाही. जाड शेपटीचा, संथ चालणारा स्लीपी लिझर्ड मात्र विषारी नाही. वसंतात नर-मादी जोडीने फिरतात, बहुधा वर्षानुवर्षं तीच जोडी. ते ऊब घ्यायला डांबरावर येतात, म्हणून गाडी हळू चालवा.

प्रवेश फुकट. गाडीने निंबोया रोडवरून जा. आत स्वच्छतागृह किंवा पिण्याचं पाणी मिळेल असं धरून चालू नका. माणशी एक लिटर पाणी न्या. कुत्र्यांना बंदी आहे, हे निघण्याआधीच लक्षात ठेवा. रेल्वेने सीफर्ड मार्गावर मरीनो रॉक्सला उतरा, पण तिथून चढ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडीच बरी.

अर्धा दिवस हाताशी असेल तर पुढच्या हॅलेट कोव्हला जोडून जा. तिथल्या कड्यावर सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीने खडकावर ओढलेले ओरखडे हाताला लागतात. भूशास्त्रज्ञ राल्फ टेट यांनी ते १८७७ साली ओळखले. शुगरलोफ नावाचा पांढरा उंचवटा मऊ गाळाचा आहे, त्यावर चढू नका. दोन्हींमधली किनाऱ्यालगतची लाकडी वाट सुंदर, पण पायऱ्या पुष्कळ, आणि काही टप्पे कामासाठी बंद असू शकतात. आदल्या दिवशी मेरियन कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघून घ्या.