सूर्यफुलाचं वर्कशॉप, बडोद्यात असाल तर नक्की करा

गेल्या रविवारी दांडिया बाजारातल्या एका छोट्या स्टुडिओत निसर्गातल्या पॅटर्नवरचं वर्कशॉप केलं, तीन तास, 600 रुपये, कागद-रंग त्यांचेच. आईला पण नेलं, ती रोज दारात रांगोळी काढते म्हणून.

मला वाटलेलं पानं-फुलं छापायला देतील आणि झालं, पण शिकवणाऱ्या ताईंनी आधी वाळलेलं सूर्यफूल हातात दिलं आणि बियांच्या वळत जाणाऱ्या ओळी मोजायला लावल्या. एका बाजूला वळणाऱ्या 34 आणि उलट्या बाजूच्या 55, आईचा विश्वासच बसेना, तिने परत मोजल्या. मग कोनमापक घेऊन ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका आधीच्यापासून 135 अंश फिरवून आणि जरासा बाहेर सरकवून. पन्नासेक ठिपके झाल्यावर बघतो तर चाकासारखे आठ सरळ आरे आणि मधे नुसती मोकळी जागा! नंतर तेच 137.5 अंशांनी केलं, फक्त अडीच अंशांचा फरक हो, पण आता ठिपके एका रेषेत येईचनात, जागा भरत गेली आणि कागदावर खरंच सूर्यफूल दिसायला लागलं. नवीन बी जिथे सगळ्यात जास्त जागा असते तिथे धरते, त्यातूनच हा कोन येतो असं ताईंनी सांगितलं.

34, 55 हे आकडे ज्या ओळीतले (5, 8, 13, 21, 34, 55, आधीचे दोन मिळवले की पुढचा) ती आपण इटलीतल्या गणितज्ञ फिबोनाचीची म्हणून शिकलो, त्याने 1202 साली लिहिली, पण त्याच्या आधी इथे गुजरातमध्येच हेमचंद्राचार्यांनी छंदशास्त्रात हेच मांडलेलं. लघुची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर चार मात्रा पाच तऱ्हांनी भरतात, पाच मात्रा आठ, सहा मात्रा तेरा. आईने तिथेच बोटांवर लघु-गुरु लावून पाहिलं, मला फार भारी वाटलं ते.

कापडावर ठसे मारायला मात्र शेवटची वीसच मिनिटं उरली आणि रंग पातळ होता, माझ्या रुमालावर कडेने पसरला. वर्कशॉप चार तासांचं ठेवायला हवं, मी तसं सांगितलंय. जिना अरुंद आणि उंच आहे, गुडघे दुखत असतील तर आधी विचारून जा.

मुलांना नेणार असाल तर कोन मोजता येतो अशांनाच न्या. आणि घरी आल्यावर अननस घ्या, त्याच्या डोळ्यांच्या तिरक्या ओळी मोजा, 8 आणि 13 सापडतील, आम्ही कापायच्या आधी मोजल्या.