फोल्डर दिसत होते, आत फायली नव्हत्या

बाबांच्या आवाजाच्या अकरा कॅसेट मी दोन वर्षं रात्री जागून संगणकावर उतरवल्या होत्या. त्यातल्या चार आता उरल्या आहेत. मूळ कॅसेटना बुरशी लागली होती, त्या केव्हाच टाकून दिल्या. हे कसं घडलं ते बारीकसारीक तपशिलांसह लिहिते आहे, कारण मला जसं फसवलं तसं फसवणं आजही चालू आहे. आणि त्याचं सावज असतात माझ्यासारखी माणसं, ज्यांना घरातल्या एका संगणकावरचं सामान दुसऱ्यावर न्यायचं असतं.

माझा डेस्कटॉप जुना होता. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ त्याच्यावर चढत नव्हतं, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही अलीकडचा लागतो. कामासाठी महिन्यातले दहा-बारा दिवस मी बाहेरगावी असते आणि पाठीचं दुखणं आहे, त्यामुळे खांद्यावर जास्त वजन चालत नाही. म्हणून ठरवलं की एक हलका लॅपटॉप घ्यायचा, डेस्कटॉपवरचं सगळं त्यावर आणायचं आणि डेस्कटॉप भाच्याला द्यायचा. त्याला त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, टाकून शिकायचं होतं.

एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मनासारखा लॅपटॉप दिसला. चौदा इंची, वजन १.१ किलो, स्टोरेज १ टीबी. विक्रेता चॅटवर अगदी अदबीने बोलत होता. मी सांगितलं की घरच्या संगणकावर तीनशे जीबीच्या वर फायली आहेत, त्या आणायच्या आहेत. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, मग तुम्ही आमची २ टीबीची पोर्टेबल एसएसडी घ्या. ट्रान्सफरही होईल आणि प्रवासातही सोबत राहील. डिस्कचे पैसे थेट खात्यावर पाठवलेत तर निम्म्या भावात देतो.” एसएसडी म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क. लॅपटॉपचे पैसे मी कार्डाने, त्या संकेतस्थळावरूनच भरले. डिस्कचे मात्र त्याने सांगितल्याप्रमाणे खात्यावर पाठवले. त्याच घडीला डिस्कच्या व्यवहारातून संकेतस्थळ बाजूला झालं, आणि त्याला तेच हवं होतं.

लॅपटॉप आला तेव्हा कळलं की १ टीबी स्टोरेज म्हणजे लॅपटॉपच्या आत ६४ जीबी आणि उरलेलं एका वर्षापुरतं क्लाउडवर. जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत ‘क्लाउडसहित’ असा शब्द होता, तो मी वाचला नव्हता. आतलं ६४ जीबीसुद्धा एसएसडी नव्हतं, ईएमएमसी होतं. ही मदरबोर्डवरच डकवलेली मेमरी असते, बदलता येत नाही. तिचा वेग कागदावर सेकंदाला ४०० एमबीपर्यंत जातो, साटा या जुन्या जोडणीच्या साध्या एसएसडीचा साडेपाचशेच्या आसपास आणि एनव्हीएमई या नव्या जोडणीच्या एसएसडीचा काही हजार. रॅम, म्हणजे चालू कामापुरती मेमरी, ४ जीबी, तीही सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डवर कायमची जोडलेली. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक वेळा सोल्डर केलेलीच असते, ‘नंतर वाढवू’ ही सोय तिथे नसते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

वजन मात्र खरं निघालं, १.१ किलो. पण ते कशाच्या जिवावर कमी केलं होतं, ते दोन दिवसांत समजलं. बॅटरीच लहान होती आणि वर वापरलेली. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘बॅटरीरिपोर्ट’सह दिली की एक अहवाल तयार होतो. त्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण चार्ज झाल्यावर मिळणारी क्षमता शेजारी शेजारी दिसतात. ही क्षमता वॉट-अवरमध्ये मोजतात, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते ते. माझी मूळची २८ वॉट-अवर होती, उरली होती १९. साधं लिहिण्यावाचण्याचं काम करताना तो लॅपटॉप सात-आठ वॉट घ्यायचा, म्हणजे जेमतेम अडीच तास. यूएसबी-सी पोर्ट होतं, पण त्यातून चार्जिंग होत नव्हतं, फक्त फायलींची ने-आण. चार्जर जुन्या गोल पिनचा, वीट उचलल्यासारखा जड. प्रवासाला निघताना पाठीवर चार्जरही असतो, म्हणून वजन दोन्हीचं मिळून विचारायचं. बॅटरी ५० वॉट-अवरच्या खाली असेल तर प्रवासासाठी तो लॅपटॉप घेऊ नये, असं माझं आता पक्कं मत आहे. विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची लॅपटॉपची बॅटरी वेगळ्या परवानगीशिवाय सोबत नेता येते, त्यामुळे मोठ्या बॅटरीला घाबरायचं काही कारण नाही.

तेव्हाच लॅपटॉप परत करायला हवा होता. पण मी स्वतःची समजूत घातली की जागा कमी असली तर काय, २ टीबीची डिस्क आहेच. लॅपटॉपच्या जागेचं खोटं बोलला म्हणूनच मला डिस्क लागणार होती. ही दोन्ही फसवणं एकमेकांत गुंतलेली होती, हे मला फार उशिरा दिसलं.

डिस्क दिसायला सुरेख, धातूचं कव्हर, हातात घेतल्यावर वजनदार. जोडल्यावर संगणकाने बरोबर २.०० टीबी दाखवलं. इथेच मला शंका यायला हवी होती. खऱ्या २ टीबीच्या डिस्कवर विंडोज सुमारे १.८१ टीबी दाखवतं, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. या फरकात कुणी कुणाला फसवत नाही. पण आकडा १.८१ दिसला म्हणजे डिस्क खरी, असंही समजू नका. खोट्या डिस्कला हवा तो आकडा शिकवता येतो.

मी ३१० जीबी निवडलं आणि कट-पेस्ट केलं. कॉपी नाही, कट. डेस्कटॉप रिकामा करून द्यायचाच होता, म्हणून. सुरुवातीला वेग सेकंदाला तीसेक एमबी होता, मग दहावर उतरला. रात्रभर चाललं. सकाळी सगळं संपलेलं होतं, एकही चूक आल्याचा निरोप नव्हता. मी पहिले दोन फोल्डर उघडले, फोटो नीट दिसले. पुढच्या सगळ्या फोल्डरांची नावं, फायलींची नावं, आकार, तारखा जागच्या जागी होत्या. डेस्कटॉप भाच्याला दिला.

महिन्याभराने, प्रवासात, मी बाबांची पहिली कॅसेट लावली. प्लेअर म्हणाला, फाइल उघडत नाही. दुसरी, तिसरी, तसंच. मग फोटो पाहिले. २०१४ पर्यंतचे उघडत होते, त्यानंतरचे काही अर्धे राखाडी आणि बाकीचे उघडतच नव्हते. घरी परतल्यावर भाच्याने डिस्कचं कव्हर उघडलं. आत बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड होतं, एका छोट्या पट्टीत खोचलेलं, आणि शेजारी वजनासाठी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. तो म्हणाला, “मावशी, ही एसएसडी नाही. ६४ जीबीचं कार्ड आहे, आणि ते संगणकाला २ टीबी सांगतंय.”

हे कसं चालतं ते त्याने मला कागदावर काढून दाखवलं, आणि ते प्रत्येकाला कळावं असं मला मनापासून वाटतं. डिस्क किती मोठी आहे हे संगणक स्वतः मोजत नाही. डिस्कमधला कंट्रोलर, म्हणजे तिचा कारभार पाहणारी चिप, जे सांगेल त्यावर विश्वास ठेवतो. फायलींची नावं, आकार, पत्ते यांची यादी साधारण डिस्कच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, म्हणजे जिथे खरी मेमरी आहे तिथे. त्यामुळे यादी शाबूत राहते. खरी जागा भरली की पुढचं येणारं एक तर हवेत सोडून दिलं जातं, नाहीतर आधी लिहिलेल्यावर लिहिलं जातं. कंट्रोलर प्रत्येक वेळी ‘लिहिलं’ एवढंच उत्तर देतो. माझ्या ३१० जीबीपैकी सुमारे २५० जीबी त्या डिस्कवर कधी उतरलंच नाही. जे लिहिलंच गेलं नाही, ते कुठलाही रिकव्हरीवाला काढून देऊ शकत नाही.

याच कारणाने अशा डिस्कची परीक्षणं चांगली दिसतात. घेणारा पहिल्या आठवड्यात दहा-वीस जीबी टाकतो, सगळं उघडतं, पाच तारे देतो. डिस्क खोटी आहे हे खरी जागा भरल्यानंतरच कळतं, आणि तोवर परत करण्याची मुदत संपलेली असते. मी नंतर त्या विक्रेत्याची परीक्षणं शेवटपर्यंत वाचली. त्यातली कितीतरी दुसऱ्याच वस्तूची होती, मोबाइलच्या कव्हरची. जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवून तारे तेवढे ठेवलेले. आता मी नेहमी एक-दोन तारे दिलेली परीक्षणं आधी वाचते, आणि त्यातही काही महिन्यांनी पुन्हा येऊन लिहिलेली.

थोडं जे वाचलं ते डेस्कटॉपमुळे. एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर ‘कट’ केलं की संगणक आधी कॉपी करतो आणि मग मूळ फाइल यादीतून काढतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर त्या फाइलची अक्षरं, तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, पडून राहतात. भाच्याने लिनक्स टाकलं होतं, त्याखाली बरंच गेलं. तरी त्याने तत्काळ ती हार्डडिस्क काढली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक नावाचं मोफत साधन चालवलं. नऊ हजारांवर फायली निघाल्या, सगळ्यांची नावं ‘एफ’ आणि पुढे आकडे. त्यातून बाबांच्या चार कॅसेट सापडल्या. एसएसडी असती तर एवढंही हाती लागलं नसतं, कारण पुसलेली जागा एसएसडी स्वतःहून साफ करून टाकते.

लॅपटॉपचे पैसे परत मिळाले, कारण ते कार्डाने भरले होते आणि जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट माझ्याकडे होते. ते मी योगायोगानेच काढून ठेवले होते. तक्रार करेपर्यंत पानावर ‘६४ जीबी’ ठळक अक्षरांत आलं होतं. डिस्कच्या पैशांसाठी कुणीही दाद लागू दिली नाही. व्यवहार संकेतस्थळाबाहेर झाला, एवढंच उत्तर मिळालं.

दुसरा लॅपटॉप घेतल्यावर मी फायली कशा आणल्या, तेही सांगते. डिस्क मध्ये आणलीच नाही. दोन्ही संगणकांना एकच लॅन केबल लावली. आजकालची गिगाबिट पोर्टं साध्या केबलनेही एकमेकांना ओळखतात, मध्ये राउटर लागत नाही. ज्या लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसतं त्याला यूएसबीचा छोटा अडॅप्टर लागतो. एका संगणकावरचा फोल्डर शेअर केला आणि दुसऱ्यावरून ओढून घेतला. सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे ३०० जीबीला पाऊण तास. माझ्या त्या डिस्कने दहाच्या वेगाने आठ तासांवर घेतले होते. फक्त कॉपी करायचं, कट कधीही नाही. मग सगळ्यात शेवटच्या फोल्डरातली सगळ्यात मोठी फाइल उघडून, शेवटपर्यंत चालवून पाहायची, पहिली नाही. महत्त्वाच्या फायलींचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, दोन्हीकडे काढून ताडून पाहायचा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा ‘हॅशफाइल’सह दिली की तो मिळतो. मूळ संगणकाला महिनाभर हात लावायचा नाही.

नवी डिस्क किंवा पेनड्राइव्ह घेतलात तर आत काही ठेवण्याआधी ती पूर्ण भरून, परत वाचून तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ ही साधनं हेच करतात, दोन्ही मोफत आहेत. मोठ्या डिस्कला एक-दोन दिवसही लागू शकतात, लागू द्या. ज्यांच्याकडे अशी डिस्क आत्ता भरलेली आहे आणि हे वाचून मनात शंका आली आहे, त्यांनी मात्र ही चाचणी लगेच चालवू नका. ती रिकाम्या दिसणाऱ्या जागेत लिहिते, आणि डिस्क खोटी असेल तर ते लिहिणं तुमच्या उरलेल्या खऱ्या फायलींवरच पडतं. आधी जे उघडतंय ते सगळं दुसरीकडे काढून घ्या.