मामाचं एचएमटी 'जनता' आणि बोहरी आळीतले चाचा

आधी कामाचं सांगते. चावीचं जुनं घड्याळ दुरुस्त करायचं असेल तर पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागच्या बोळात एक दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. पाटीवरचं नाव पावसानं कधीच धुऊन नेलंय, त्यामुळे नाव कुठून लिहू? 'घड्याळवाले चाचा' म्हटलं की आळीत कुणीही बोट दाखवतं. साफसफाई, तेलपाणी आणि नवी स्प्रिंग मिळून ८५० रुपये घेतले. चार दिवस सांगून नऊ लावले. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं.

घड्याळ माझ्या थोरल्या मामाचं. एचएमटी या सरकारी कंपनीचं 'जनता', सतरा ज्वेल (म्हणजे आतली चाकं ज्यांवर फिरतात ते खडे), पांढऱ्या तबकडीवर देवनागरीत 'जनता'. मामा एसटीत कंडक्टर, तासगाव डेपोला. १९७९ मध्ये नोकरीत कायम झाला आणि पहिल्याच दिवाळीच्या बोनसातून त्यानं हे घेतलं. गेल्या कार्तिकात मामा गेला. दिवस झाल्यावर मामीनं ते सुपारीच्या डबीत घालून माझ्या हातात दिलं. "पोरं मोबाईलात बघत्यात टाइम. तूच ने," म्हणाली.

घड्याळ बंद होतं. आधी एका मोठ्या, थंडगार शोरूममध्ये नेलं. तिथल्या मुलानं ते दोन बोटांत मेलेल्या झुरळासारखं धरलं आणि म्हणाला, "मॅडम, डायल रंगवून नव्यासारखं करून देऊ, आत बॅटरीची मशीन टाकू." म्हणजे घड्याळ सोडून सगळं घड्याळ. उठले तशीच. ऑनलाइन मिळणाऱ्या 'नव्या कोऱ्या जुन्या' एचएमटींचीही बहुधा हीच कथा. जनताच्या नावाखाली लाल, निळी, पोपटी तबकडी दिसली की ती कुणीतरी हल्लीच रंगवलेली असण्याची शक्यता जास्त. अक्षरांच्या कडा जाड आणि फेंगड्या दिसतात. पैसे घालवू नका.

चाचांनी मात्र घड्याळ आधी कानाला लावलं. बंद घड्याळ! मग भिंग डोळ्यात अडकवून म्हणाले, "मशीन चांगली आहे ताई, उपाशी आहे फक्त." एचएमटीनं १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूला घड्याळं करायला घेतली, त्यामुळे आतली रचना तिकडची. कंपनीची घड्याळाची शाखा बंद करायचं सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं. तेव्हापासून सुटे भाग मेलेल्या घड्याळांतून काढायचे, असं चाचा म्हणाले. त्यांच्या टेबलाखाली बिस्किटांचे तीन डबे भरून एचएमटी आहेत. काच बदलू का विचारलं. मी नको म्हटलं. चारच्या आकड्यापाशी तिचा टवका उडालाय, तो तिकिटांच्या पेटीचा कोपरा लागून. तो राहू दे.

आमच्या आजोळी या घड्याळाचा दराराच होता. मे महिन्यात आम्ही सात भावंडं जमायचो. सकाळी मामा खाकी चढवून ओट्यावर बसला की चावी द्यायची पाळी कुणाची यावरून मारामाऱ्या. प्रत्येकी चार फेरे. चावी जड झाली की मामा ओरडायचा, "बास! गाडी भरली, आत जागा न्हाई!" आणि तोंडानंच डबल बेल मारायचा, टिंग टिंग. मग पंच खिशात, तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल बगलेत आणि स्वारी स्टँडकडे. मुक्कामी गाडी असली तर दुसऱ्या दिवशीच उगवायचा, आणि त्या सकाळची चावी त्यानं एकट्यानं दिली म्हणून आम्ही रुसायचो.

मामाची एक बढाई सगळ्या खानदानाला पाठ होती: "आजपातूर ह्येला उघडलेलं न्हाई. एचएमटी हाय!" लग्नात, बारशाला, एकदा तर मयतीच्या घरीसुद्धा. ऐकणारा नवा जावई असला तर मनगट त्याच्या नाकाशी जायचं.

नवव्या दिवशी गेले तेव्हा चाचांनी मागचं झाकण अजून लावलेलं नव्हतं. ते उलटं करून भिंग माझ्या हातात दिलं. घड्याळवाले काम केलं की झाकणाच्या आतून सुईनं बारीक खूण कोरतात, तारीख आणि आपलं चिन्ह, हे मला तेव्हाच कळलं. मामाच्या न उघडलेल्या घड्याळात अशा तीन खुणा होत्या. ८४ ची, ९८ ची, आणि मधली ६/९१.

मला आधी हसू आलं. मग मधल्या खुणेपाशी थांबलं.

१९९१ च्या मे महिन्यात मी आठ वर्षांची होते. मावसभावाशी पैज लागली, घड्याळ पाण्यात चालतं की नाही. मामा आंघोळीला गेलेला बघून मी ते परड्यातल्या हौदात सोडलं. बाहेर काढलं तर काचेखाली धुकं. मी हंबरडा फोडला. मामा पंचा गुंडाळून तसाच धावत आला, घड्याळ झटकलं, कानाला लावलं आणि तोंड भरून हसला. "चालतंय की गं येडे! एचएमटी हाय, बुडत न्हाई." मी लगेच गप्प.

त्यानंतर आम्ही पुण्याला परत निघेपर्यंत मामाच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, पट्ट्याखाली घामोळं आलंय. मनगटावर पावडरसुद्धा लावायचा, आम्हाला दिसेल अशी.

दुकानातूनच मामीला फोन लावला. ती म्हणाली, "मिरजंला टाकलं हुतं. जूनचा पगार झाल्यावर आणलं. तुला सांगू नको म्हणाला हुता." चौतीस वर्षं तिनंही सांगितलं नव्हतं.

घड्याळ आता दिवसाला दोनेक मिनिटं पुढं जातं. चाचा म्हणाले, आठवड्यानं आणा, बसवून देतो. अजून नेलं नाही.

झाकण बसवण्याआधी त्यांनी सुई उचलली आणि चौथी खूण करायला घेतली. मी म्हटलं, "चाचा, जरा बारीक कोरा."