सरकी पेंडीच्या नावाखाली टरफलाची भुकटी, 30,200 रुपयांना

शाहूवाडी, पन्हाळा, गगनबावडा भागात डोंगराला जनावरं सोडणाऱ्यांनी हे वाचाच. उन्हाळ्यात आमच्याकडं गवताची नुसती काडी उरते. त्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. 7 टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातले चारा पचवणारे जंतूच उपाशी, मग ती काडीही पचत नाही. म्हणून मक्याच्या भरड्याआधी प्रथिनांची पेंड. एवढं मला कळतं, अडाणी म्हणून फसलो नाही.

दुकानात सरकी पेंडीचं, म्हणजे कापसाच्या बियांच्या पेंडीचं, 50 किलोचं पोतं 1,900 ला. पिकअपवाल्यानं 1,450 सांगितलं. ‘मिलमधनं थेट आणलीय दादा, दलालच नाही मधी.’ 20 पोती, 29,000. वर गाडीभाडं 1,200. सगळं रोख.

आता ती शिलाई. मिलच्या पोत्याचं तोंड मशीननं शिवलेलं असतं, एक दोरा ओढला की सरसर उसवतं. ह्याच्या पोत्यांना निळ्या सुतळीचे हातटाके, आणि शेजारी जुन्या शिलाईची रिकामी भोकं ओळीनं. मी त्यावर बोट फिरवलं. विचारलंसुद्धा! ‘वाटेत फुटली, परत शिवली.’ वीसच्या वीस फुटली? हे तेव्हा तोंडातनं निघालं नाही. पण भर उन्हात, वैरण संपलेली, म्हशी दावणीला हंबरतायत, अशा वेळी वजनकाटा शोधत कोण बसतंय? तुम्हीही उतरवूनच घेतली असती.

वर वीतभर अस्सल पेंड. खाली शेंगांच्या टरफलांची भुकटी, भाताचं तूस आणि माती. बादलीत टाकलं तर तूस तरंगलं, वाळू तळाला. पोतं भरलं 44 किलो. आधी बादलीभर पाण्यात मूठभर टाकून बघा, मग पैसे काढा. नशीब, युरिया नव्हता. प्रथिनं जास्त दिसावीत म्हणून तोही घालतात, आणि प्रमाणाबाहेर पोटात गेला तर जनावर फुगून, तोंडाला फेस येऊन मरतं.

तक्रार करायला गेलो. एका ऑफिसात म्हणाले, ‘बिल आणा.’ बिल असतं तर तुमच्या दारात कशाला आलो असतो? दुसरीकडं ‘माणसाच्या खाण्याचं असेल तरच आमच्याकडं.’ वजनाचं बघणारे म्हणे, पोतं उघडलंय, आता मोजून उपयोग नाही. न उघडता आत टरफल आहे हे कळावं कसं, तेवढं सांगा साहेब! तिसऱ्या टेबलावरनं परत पहिल्या टेबलावर पाठवलं, तोवर जेवणाची सुट्टी. नमुना तपासायचा खर्चही माझ्याच गळ्यात.

सगळी पोती एकदम फोडू नका, दोन शिवलेलीच ठेवा. गाडीच्या नंबरचा फोटो काढा. छापील लेबल नसेल तर गाडी परत पाठवा. बिल न देणाऱ्याला रोख देऊ नका, मग तो कितीही ‘दादा दादा’ करो.

ती पिकअप अजून बांबवड्याच्या बाजूला फिरते म्हणे. पांढरी पोती, निळी सुतळी.